खळ्यातली शाळा

आमच्या मालवण भागात घरापुढच्या अंगणाला खळे म्हणतात. पाऊस संपला की ते खणून, चोपून, शेणाने सारवून घ्यायचे आणि वर चुडतांचा माटव घालायचा. मग त्याच खळ्यात भात झोडले जाते, सोले वाळतात, लग्ने लागतात आणि रात्री म्हातारी माणसे गजाली करीत बसतात. माझी पहिली शाळाही अशाच एका खळ्यात भरली. वाडीतल्या अंगणवाडीला तेव्हा स्वतःची इमारत नव्हती. शेजारच्या घराच्या पडवीत खिचडी शिजे आणि खळ्यात आम्ही पंधरावीस मुले फेर धरून गाणी म्हणत असू. माझी आई त्या अंगणवाडीत मदतनीस होती, आजही आहे.

'अंगणवाडी' हा शब्द लहानपणापासून इतका कानावर पडत होता, की त्यात 'अंगण' आहे हेही कधी लक्षात आले नाही. सरकारी योजनेला सरकारने दिलेले एक नाव, एवढीच माझी समजूत होती. गेल्या वर्षी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात अनुताई वाघ यांचे 'कोसबाडच्या टेकडीवरून' हे आत्मचरित्र हाती आले आणि ही समजूत चुकीची ठरली. सरकारची योजना १९७५ सालची. पण अंगणात शाळा भरविण्याची कल्पना त्याच्याही तीस वर्षे आधी, आपल्याच कोकण किनाऱ्याच्या उत्तर टोकाला, दोन स्त्रियांनी रुजविली होती. त्या कल्पनेतले आपण काय घेतले आणि काय वाटेतच टाकून दिले, हे वाचकांपुढे मांडावे म्हणून हा लेख.

आरंभी एक प्रश्न. तीन वर्षांच्या मुलाला शाळा हवीच कशाला? 'खेळू दे की अजून, पुढे आयुष्यभर अभ्यासच करायचा आहे,' असे आपण म्हणतो. पण तीन ते सहा या वयात मूल जे करते त्याला आपण खेळ म्हणतो, तेच त्याचे शिकणे असते. एका भांड्यातले पाणी न सांडता दुसऱ्यात ओतणे, बिया रंगाप्रमाणे वेगळ्या करणे, गोष्ट ऐकून ती आपल्या शब्दांत दुसऱ्याला सांगणे, आपली पाळी येईपर्यंत थांबणे, ही सारी पुढच्या लेखन-वाचनाची आणि गणिताची पूर्वतयारी आहे. ज्याच्या हाताला वळण नाही त्याला पाटीवर अक्षर वळवता येत नाही. ज्याला कोणी गोष्ट सांगितली नाही, त्याला पुस्तकातली गोष्ट परकी वाटते. सुशिक्षित घरात हे सारे आपोआप घडते. जेथे आईबाप पहाटेच कामाला बाहेर पडतात, तेथे ते मुद्दाम घडवून आणावे लागते.

हा विचार शास्त्रशुद्ध रीतीने मांडणाऱ्यांत मारिया माँटेसरी यांचे नाव मोठे आहे. पेशाने डॉक्टर असलेल्या या बाईंनी ६ जानेवारी १९०७ रोजी रोम शहरातील सान लोरेन्झो या गरीब कामगारवस्तीत आपले पहिले बालगृह उघडले. हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे, कारण पुढे जगभर आणि आपल्याकडेही माँटेसरी म्हणजे श्रीमंतांच्या मुलांची शाळा, असे समीकरण होऊन बसले. जी पद्धत गरिबांच्या मुलांसाठी जन्मली ती गरिबांच्याच हाताबाहेर गेली. तिची घोटीव लाकडी साधने महाग, आणि ती वापरायला शिकलेली शिक्षिका त्याहून दुर्मीळ.

भारतात या पद्धतीला देशी रूप देण्याचा मोठा प्रयत्न गुजरातमध्ये भावनगर येथे झाला. तेथे गिजुभाई बधेका यांनी १९२० साली बालमंदिर काढले. ताराबाई मोडक त्यांच्या सहकारी झाल्या. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. पुढे १९३६ साली ताराबाईंनी मुंबईत दादरला शिशुविहार सुरू केला. तो नावारूपाला आला. तेवढ्यावर थांबल्या असत्या, तरी बालशिक्षणाच्या इतिहासात त्यांचे नाव राहिलेच असते. पण शहरातल्या पांढरपेशा मुलांना जे मिळते ते खेड्यातल्या मुलाला का मिळू नये, हा प्रश्न त्यांच्यासमोर उभा राहिला. त्याचे उत्तर शोधायला त्यांनी १९४५ साली डहाणू तालुक्यातील बोर्डी हे समुद्रकाठचे गाव निवडले. तेथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू झाले आणि अनुताई वाघ त्यांच्याबरोबर तेथे गेल्या. अनुताईंचा जन्म १९१० सालचा. तेराव्या वर्षी लग्न आणि काही महिन्यांतच वैधव्य. ज्या काळात अशा मुलीचे आयुष्य माजघरात संपायचे, त्या काळात त्या शिकल्या, शिक्षिका झाल्या आणि ऐन पस्तिशीत खेड्यातल्या धुळीत जाऊन बसल्या.

बोर्डीत बालवाडी उघडली, पण ज्यांच्यासाठी ती उघडली ती मुले येईनात. गरिबांच्या आणि दलितांच्या वस्तीतली मुले बालवाडीच्या दारापर्यंत पोहोचत नव्हती. कुणाला अंगावर धड कपडा नाही, कुणाला धाकटे भावंड सांभाळायचे आहे, कुणाच्या आईबापांना आपल्या मुलांना तेथे आपुलकीने वागवतील याची खात्री नाही. अशा वेळी 'या लोकांना शिक्षणाची आवडच नाही' असा निष्कर्ष काढणे फार सोपे असते. आजही तो काढणारे पुष्कळ भेटतात. ताराबाईंनी तो काढला नाही. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाकडे जावे, असे त्यांनी ठरविले. साधने घेऊन शिक्षिका वस्तीत जाऊ लागल्या. एखाद्या घरापुढचे अंगण झाडून घ्यायचे, मुलांचे हातपाय धुवायचे, केस विंचरायचे, गाणी-गोष्टी सांगायच्या. काम करता करता आया बाजूला उभ्या राहून पाहत. ही अंगणवाडी.

१९५७ साली हे काम बोर्डीहून कोसबाडच्या टेकडीवर गेले. कोसबाड तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते. १ ऑगस्ट २०१४ पासून ते पालघर जिल्ह्यात आहे. भोवतालची वस्ती वारली आदिवासींची. डोंगरउतारावर विखुरलेले पाडे, पोटासाठी गवत कापणे आणि जंगलातली मजुरी. १९४५ सालीच शामराव व गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली याच मुलखातले वारली वेठबिगारीविरुद्ध उठले होते. अशा लोकांना शाळेचे महत्त्व सांगायला जाणाऱ्याने आधी त्यांचा दिवस कसा जातो हे पाहायला हवे. कोसबाडला ते पाहिले गेले, आणि त्यातून दोन गोष्टी निघाल्या. त्या मला फार महत्त्वाच्या वाटतात.

पहिली गोष्ट कुरणशाळा. मोठी मुले गुरे घेऊन रानात जातात म्हणून शाळेत येत नाहीत. मग शिक्षकानेच कुरणात जावे. गुरे चरत असताना झाडाखाली शाळा भरावी, आणि दगड, पाने, पाखरे, ओढा हीच पुस्तके व्हावीत.

दुसरी गोष्ट विकासवाडी. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात. वरवर पाहता ही केवळ सोय वाटते. पण थोरली बहीण शाळेत का येत नाही? तिच्या कडेवर धाकटे मूल आहे म्हणून. त्या मुलाला शेजारच्याच खोलीत पाळणा मिळाला की बहिणीचे दोन्ही हात मोकळे होतात. म्हणजे बालशिक्षणाचा पहिला लाभ त्या बाळाला होतो, आणि तितकाच मोठा दुसरा लाभ त्याच्या बहिणीला होतो.

हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवले. माझ्या आईचे माहेर कुडाळ तालुक्यात, सह्याद्रीच्या पायथ्याला आहे. तिची शाळा सातवीत सुटली. का, हे मी कधी विचारले नव्हते. घरी आल्यावर विचारले. भाकरी थापता थापता ती म्हणाली, "धाकल्याक कडेर घेवन शाळेच्या खिडकेकडे उभी रवंय. आत बसलंय तर तो रडात, म्हणान भायरच." एवढेच बोलून तिने तव्यावरची भाकरी उलटली. मी घरातली पहिली कॉलेजात आलेली मुलगी. मी हुशार म्हणून येथवर आले, असे मला वाटत असे. खरे म्हणजे माझ्या कडेवर कुणी नव्हते, म्हणून मी आले.

कोसबाडचे शिक्षण परवडणारे कसे झाले, तेही पाहू. माँटेसरीची मूळ साधने आणणे परवडणारे नव्हते. पण त्या साधनांमागचे तत्त्व फुकट होते: लहान-मोठे, जड-हलके, खरखरीत-गुळगुळीत यांतला भेद हाताने कळावा. त्यासाठी लाकडी ठोकळाच हवा असे नाही. बिया, खडे, पाने, माती आणि बांबूही चालतात. आपल्याकडे तर या साधनांची खाणच आहे. तिसऱ्यांचे शिंपले लहान-मोठे लावता येतात. चिंचोके मोजता येतात. काजूची बी आणि कोकमाची बी डोळे मिटून ओळखता येते. करवंटी पाणी मापायला आहे. पुळणीची वाळू म्हणजे पुसली जाणारी पाटी. बोटाने हवे तितके गिरवा, खडूचा खर्च नाही. आई अंगणवाडीत करवंट्या आणि शिंपल्या मांडून बसे, तेव्हा मला ती गरिबी वाटत असे. ते शास्त्र होते, हे आता कळते.

येथे एक फरक नीट समजून घ्यायला हवा. कोसबाडला साधने स्वस्त केली गेली, शिक्षिका नाही. तिच्यासाठी प्रशिक्षण होते, तिच्या कामाला प्रतिष्ठा होती. अनुताई स्वतः १९४५ पासून १९९२ साली मृत्यू येईपर्यंत या कामात राहिल्या. १९७३ साली ताराबाई गेल्यावर सारा भार त्यांच्यावर पडला आणि त्यांनी तो वाहिला. ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण आणि अनुताईंना १९८५ साली पद्मश्री मिळाली.

ताराबाईंच्या निधनानंतर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, भारत सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली. देशभरात निवडलेल्या पहिल्या ३३ प्रकल्पांत आपल्या राज्यातील मेळघाटच्या डोंगरातले धारणीही होते. केंद्राला नाव मिळाले 'अंगणवाडी'. आज देशात सुमारे १४ लाख अंगणवाड्या आहेत. पोरबंदरपासून ईशान्येच्या डोंगरांपर्यंत हाच शब्द चालतो. एवढा पसारा जगात फार थोड्या योजनांचा असेल, आणि त्याचे मोल कमी लेखण्याचा माझा मुळीच हेतू नाही. या योजनेत सहा सेवा आहेत: पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, आहार व आरोग्याचे शिक्षण, आणि अनौपचारिक शालापूर्व शिक्षण. कुपोषित मुलाला आधी अन्न हवे, यात वाद नाही. पण व्यवहारात झाले असे, की आहार, वजने, लसीकरणाच्या नोंदी आणि सर्वेक्षणे यांत सेविकेचा दिवस सरतो आणि शिक्षण शेवटी उरलेल्या वेळात जाऊन बसते. म्हणून आमच्या वाडीतल्या एका काकी म्हणाल्या, "थंय नुसती खिचडी देतत." त्यांनी आपला नातू गाडीने तालुक्याच्या गावी इंग्रजी नर्सरीत घातला. फी आणि गाडीभाडे मुंबईहून मुलगा पाठवितो. घरी मालवणी बोलणारे ते पोर तेथे दिवसभर गप्प असते, असे काकीच सांगतात. अंगणवाडीची सेविका स्थानिक असावी असा नियम आहे. तो किती शहाणपणाचा आहे, हे अशा वेळी कळते. मुलाची भाषा जिला येते तिच्याजवळ मूल बोलते, आणि बोलल्याशिवाय शिकणे सुरू होत नाही.

ज्यांचा मुलगा मुंबईहून पैसे पाठवीत नाही, त्यांचे काय? १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग जिल्हा रत्नागिरीतून वेगळा झाला. आपण त्याला सागरी जिल्हा म्हणतो, पण पूर्वेला वैभववाडीपासून दोडामार्गापर्यंत सह्याद्रीची भिंत उभी आहे आणि तिच्या उतारांवर धनगरवाडे आहेत. मामाच्या गावाहून वर चढून गेले की असाच एक धनगरवाडा लागतो. पंधरावीस घरे. तेथून खालच्या अंगणवाडीत यायचे तर पायवाट, मध्ये व्हाळ, त्यावर साकव. मोठ्या माणसाला ही तासाभराची चाल आहे. चार वर्षांच्या मुलाने पावसाळ्यात ती रोज करावी, असे कोण म्हणेल?

डोंगरी व आदिवासी भागासाठी योजनेचे निकष सैल केलेले आहेत. सपाटीच्या खेड्यात ४०० ते ८०० लोकवस्तीमागे एक अंगणवाडी, तर डोंगरात ३०० ते ८०० मागे एक, आणि १५० ते ३०० लोकवस्ती असल्यास मिनी अंगणवाडी. सर्वोच्च न्यायालयाने १३ डिसेंबर २००६ रोजी आणखी एक वाट मोकळी केली: जेथे सहा वर्षांखालील किमान ४० मुले आहेत, तेथे लोकांनी मागितल्यास तीन महिन्यांत अंगणवाडी द्यावी. पण पंधरावीस घरांत १५० माणसे नसतात आणि ४० बालकेही नसतात. त्यातून आपला जिल्हा रिकामा होत चाललेला. २००१ च्या जनगणनेत सिंधुदुर्गाची लोकसंख्या ८,६८,८२५ होती; २०११ मध्ये ती ८,४९,६५१ वर आली. माणसे मुंबईकडे गेली, वाड्यांत म्हातारे राहिले. मोजणीवर शाळा देणारा कोणताही नियम अशा मुलखात वर्षागणिक तोकडाच पडणार.

कोसबाडचा धडा येथे उपयोगी पडतो. तेथे 'मुले किती' हा प्रश्न नंतर आला; 'मुले कुठे आहेत' हा आधी. धनगरवाड्यासाठी चार भिंतींचे केंद्र परवडणार नाही, हे खरे. पण तेथीलच एखादी शिकलेली सून वा मुलगी निवडून तिला नीट प्रशिक्षण दिले, योग्य वेतन दिले आणि खालच्या अंगणवाडीशी जोडले, तर एखाद्या घरापुढच्या अंगणात शाळा भरू शकते. पावसात पडवी आहेच. इमारतीचा खर्च नाही, साधने झाडाखाली पडलेली आहेत. खर्च उरतो तो त्या बाईच्या वेतनाचा. आणि येथेच आपले घोडे पेंड खाते.

कारण आपण स्वस्त साधनांबरोबर बाईचे श्रमही स्वस्त धरले. तिला वेतन नाही, 'मानधन' आहे. १ ऑक्टोबर २०१८ पासून केंद्राने ठरविलेले मानधन सेविकेला महिना ४,५०० आणि मदतनीसाला २,२५० रुपये होते. राज्य त्यात आपली भर घालते. २०२३ च्या अर्थसंकल्पात महाराष्ट्राने सेविकेचे मानधन १०,००० आणि मदतनीसाचे ५,५०० रुपये केले. पुढे त्यातही वाढ झाली. ही वाढ सुखासुखी मिळालेली नाही. डिसेंबर २०२३ मध्ये राज्यभरच्या सेविका-मदतनीस संपावर गेल्या होत्या. माझी आईही गेली होती. २५ एप्रिल २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेविका व मदतनीसांना उपदानाचा, म्हणजे ग्रॅच्युइटीचा, हक्क आहे असा निर्णय दिला. त्या केवळ हौसेने सेवा करीत नाहीत, तर काम करतात, याला न्यायालयाची मान्यता मिळायला योजना सुरू झाल्यापासून ४७ वर्षे लागली.

कायद्याची बाजूही अर्धीच आहे. २००९ चा शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वर्षांच्या मुलांना हक्क देतो. सहा वर्षांखालील मुलांसाठी घटनेचा ४५ वा अनुच्छेद आहे. २००२ च्या दुरुस्तीनंतर तो म्हणतो की राज्याने त्यांच्या संगोपनासाठी व शिक्षणासाठी प्रयत्नशील राहावे. प्रयत्न हा हक्क नव्हे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने ३ ते ८ वर्षे हा शिक्षणाचा पहिला टप्पा मानून अंगणवाडीला शाळेच्या साखळीत जागा दिली, हे चांगले झाले. पण कागदावरचा टप्पा व्हाळापलीकडे पोहोचायचा असेल, तर तो कुणातरी बाईच्या पायांनीच जाईल.

म्हणून 'परवडणारे शिक्षण' हा शब्द ऐकला की 'कुणाला परवडणारे?' असे विचारायची मला सवय लागली आहे. आईबापांना ते परवडलेच पाहिजे, कारण गरीब माणूस तीन वर्षांच्या मुलासाठी फी देऊ शकत नाही. सरकारलाही ते परवडावे, म्हणून खळे आहे, शिंपले आहेत, चिंचोके आहेत. पण जी बाई ते देते तिला न परवडणारे शिक्षण फार काळ टिकत नाही.

गेल्या पावसाळ्यात आमच्या अंगणवाडीत पटावर अवघी सात मुले उरली. आता ती दुसरीकडे जोडतील की काय, अशी भीती मी आईजवळ बोलून दाखविली. ती पावसात भिजलेल्या शिंपल्या पडवीत पसरून वाळवीत होती. "पोरां येतत तवसर शाळा," ती म्हणाली. मीही तिच्याजवळ बसले आणि लहान-मोठ्या शिंपल्या वेगळ्या करू लागले.